एक, दोन, तीन, चार, दाब

५ ऑगस्ट २०१९

डॉ. रेणू निनावे यांस,

आपलं रजिस्टर्ड पत्र मिळालं. एका ओळीच्या पत्राला पोचपावती जोडायची गरज नव्हती. मी कुठं पळून जाणार नव्हतो.

'आपण' इथंच सोडतो. वर्षभर माझ्या हाताखाली बंधपत्राची नोकरी केलीस तेव्हा 'तू' होतीस. फोन उचलत नाहीस. मेसेज वाचतेस, उत्तर देत नाहीस. आणि लिहितेस, 'जे असेल ते लेखी द्यावे.' घे, लेखी.

तुला अनुभव प्रमाणपत्र हवं आहे. इमर्जन्सी मेडिसिनच्या जागेसाठी नागपूरच्या कॉलेजात तुझी निवड झाली. सोळा सप्टेंबरपर्यंत हा कागद पोचला नाही तर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला जाईल. हे तू लिहिलेलं नाहीस. करुणा सिस्टरकडून कळलं. प्रमाणपत्र टाइप होऊन माझ्या टेबलावर आहे. एकच रकाना रिकामा आहे, 'वर्तणूक'. तुझ्या फाइलीत मेमो आहे. मेमो असताना तिथं 'समाधानकारक' लिहिता येत नाही. हा नियम मी केलेला नाही.

आता माझं ऐक. जिल्ह्यानं आपलं रुग्णालय आपत्कालीन उपचारांचं प्रशिक्षण केंद्र केलं आहे. खाट वाढली नाही, व्हेंटिलेटर आला नाही, पण केंद्र झालं. प्राथमिक केंद्रांचे डॉक्टर, इंटर्न, आयुर्वेदाची मुलं, नर्सेस, अशा तीस-तीस जणांना दोन दिवसांत माणूस मरू न देण्याचं शिक्षण मी द्यायचं आहे. हे आपल्याच गळ्यात का, हे तुला माहीत आहे. मण्यार चावलेली राधाबाई आपण तेवीस तास हातानं श्वासाचा रबरी फुगा दाबून जगवली. रस्त्यावर नाला चढलेला, व्हेंटिलेटर नाही, तरी जगली. ही गोष्ट जिल्ह्यात सगळ्यांना माहीत झाली आहे.

वरून स्लाइड आल्या आहेत. पहिल्या स्लाइडवर बर्फात घसरलेली मोटार आहे.

मला राधाबाईंची केस शिकवायची आहे. त्यासाठी तुझी निळी वही हवी. त्या दिवशी दर पंधरा मिनिटांनी तू तिच्यात काहीतरी लिहीत होतीस. रुग्णालयाच्या कामाची नोंद रुग्णालयाची असते. पोस्टानं पाठव. हवी तर पोचपावती जोड.

डॉ. भोजराज कापगते
वैद्यकीय अधीक्षक


१६ ऑगस्ट २०१९

रेणू,

'आधी प्रमाणपत्र.' दोन शब्द. तेही टाइप केलेले. संताप अनावर होईल म्हणून मी दोन दिवस उत्तर लिहिलं नाही.

पहिली तुकडी झाली. कशी झाली ते सांगतो, कारण इथं दुसऱ्या कुणाला सांगण्यात अर्थ नाही.

सकाळी दहाला सुरू व्हायचं होतं, पाऊण तास हजेरीच्या सह्यांत गेला. आसगावहून आलेल्या डॉक्टरांना फक्त सर्टिफिकेट हवं होतं, ते त्यांनी आल्याआल्या विचारून घेतलं. बर्फातल्या मोटारीवर साकोलीचा एक जण म्हणाला, "सर, आमच्याकडं नागझिऱ्यातून रानडुक्कर येते अन् मोटरसायकलले धडकते. त्याचं काही हाय का याच्यात?" त्याचं काही नव्हतं.

मग पुतळा. छाती दाबायला आणि श्वास द्यायला शिकण्याचा जो रबरी पुतळा दोन वर्षांपूर्वी आला, तो तू पाहिलेला नाहीस. कुणीच पाहिलेला नाही. स्टोअरच्या कपाटात होता. स्टोअर नत्थूकडे.

"नत्थू, पुतळा काढ."

"नाही निघत जी."

"काहून?"

"डेड स्टॉकचा माल हाय. लेखी परवानगी लागते."

"कोणाची?"

"तुमची."

"मी सांगून राहिलो ना."

"तुमी सांगून राहिले जी. लेखी नाही ना."

त्यानं कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला आदेश दाखवला. 'सदर साहित्य मौल्यवान असून हाताळणीने खराब होण्याची शक्यता असल्याने लेखी परवानगीशिवाय बाहेर काढू नये.' खाली माझी सही. २०१७. तीस डॉक्टर बघत उभे होते. मी तिथंच, नत्थूच्या पाठीवर कागद ठेवून, स्वतःच्या आदेशाविरुद्ध स्वतःला परवानगी दिली.

पुतळ्याच्या छातीतला फुगा उंदरांनी खाल्ला होता. तोंडातून हवा दिली की कानापाशी निघायची. नत्थू म्हणाला, "वापरला असता तरी येवढा खराब नसता झाला." मग त्यानंच सायकलच्या ट्यूबचं ठिगळ लावलं. छाती दाबण्यासाठी आम्ही धानाच्या कोंड्यानं पोतं भरलं. शंभर दाबांनंतर पोतं उसवलं आणि वर्गभर कोंडा झाला. सगळे शिंकत होते.

पण हे सगळं चालतं. न चालणारी गोष्ट वेगळी आहे. फुगा हातात आला की हे लोक दाबत सुटतात. मी घड्याळ लावून मोजलं. मिनिटाला पस्तीस. मी सांगतो, दहा ते बारा, जास्त दिला तर हवा पोटात जाते, उलटी होते, छातीत साचते. मान हलवतात. पुन्हा पस्तीस. एमबीबीएस झालेली मुलं! स्लाइड दाखवली. बत्तीस. ओरडलो. चाळीस.

तू त्या दिवशी राधाबाईंचा नवरा, दीर, दोन नर्सेस आणि हा नत्थू अशा पाच जणांकडून पाळीपाळीनं तेवीस तास बारा-बाराच करून घेतलेस. कसे? मला माहीत नाही. मी त्या वेळी इतर कामात होतो. वहीत असणार. म्हणून वही मागतो आहे. दुसरी तुकडी तीन सप्टेंबरला आहे. ही माणसं उद्या आपापल्या केंद्रांत जाऊन कुणालातरी पस्तीसनं फुगा दाबणार आहेत. तुझा राग माझ्यावर आहे, त्या रुग्णांवर नाही, असं धरून चालतो.

भोजराज कापगते


२४ ऑगस्ट २०१९

रेणू,

या वेळी तीन ओळी. प्रगती आहे.

'तुमच्या स्लाइडवर "आमच्या चमूने" असे लिहिले आहे, असे कळले. चमूत कोण कोण होते ते कळवावे. माझ्या मेमोवरची तारीखही कळवावी.'

करुणा सिस्टर स्लाइडसुद्धा पाठवते का तुला? पाठवू दे.

मेमो गेल्या वर्षीच्या सत्तावीस जुलैचा आहे. तुला ठाऊक आहे. तुला तो तीस तारखेला मिळाला. मधल्या काळात राधाबाई उठून बसल्या होत्या आणि पेज पीत होत्या. मेमो थांबवता आला असता, असं तू म्हणशील. जावक क्रमांक पडला होता. जावक क्रमांक पडलेला कागद परत घ्यायचा तर कारण लिहावं लागतं.

मेमोत काय आहे? 'वरिष्ठांच्या वैद्यकीय निर्णयाचे पालन केले नाही. वरिष्ठांना रुग्णकक्षाबाहेर जाण्यास सांगितले. उर्मट भाषा वापरली.' यातलं खोटं काय आहे? दोन नर्सेस, नातेवाईक, झाडूवाली, सगळ्यांसमोर तू मला बाहेर काढलंस. छप्पन्न वर्षांचा माणूस आहे मी. या इमारतीला रंग नव्हता तेव्हापासून मी इथं आहे.

आणि निर्णय. तो दिवस तू विसरली नसशील, पण माझ्या बाजूनं एकदा वाच.

बाई सकाळी सातला पोट दुखतं, घसा दुखतो म्हणून आल्या. अंगावर कुठं दाताची खूण नाही. धानाच्या रोवण्याचे दिवस, दमलेली माणसं, आम्लपित्त. मी फोनवर म्हटलं, गोळी दे, बसव. कुणीही हेच म्हटलं असतं. साडेआठला पापण्या खाली यायला लागल्या तेव्हा तू म्हणालीस, मण्यार, रात्री जमिनीवर झोपल्या होत्या, या सापाची खूण दिसत नाही. तू सापाची लस सुरू केलीस. बरोबर केलंस. मी आलो तेव्हा तेच म्हणालो. सव्वादहाला श्वास थांबला. तू घशात नळी घातलीस. एकटीनं, पहिल्यांदा. तेही बरोबर. भंडाऱ्याला पाठवायचं तर नाल्यावर कमरेएवढं पाणी होतं. खरं सांगू? पाणी नसतं तर आपण तिला रेफर केलं असतं, ती वाटेत गेली असती आणि कुणाला मेमो मिळाला नसता. वर्षानुवर्षं असंच चालतं. इथून निघालेला रुग्ण जिवंत निघाला, एवढंच आपल्या रजिस्टरला हवं असतं.

दुपारी दोनला मी पुन्हा पाहिलं. हात-पाय लुळे. चिमटा काढला, काही नाही. टॉर्च मारला. डोळ्यांच्या बाहुल्या पसरलेल्या, हलेनात. अशा रुग्णाला काय म्हणतात ते मला तीस वर्षांपासून माहीत आहे. चार तास पाच माणसं एका फुग्याला जुंपलेली, बाहेर ओपीडीत साठ लोक. कुणीतरी थांबायचं ठरवावं लागतं. ते वरिष्ठाचं काम असतं.

मण्यारीच्या विषात बाहुल्याही लुळ्या पडतात, माणूस मेल्यासारखा दिसतो आणि आतून जागा असतो, हे तू तेव्हा सांगितलंस. पुस्तकात आहे. मी नंतर वाचलं.

नंतर.

चमूत कोण होतं, याचं उत्तर मी देत बसत नाही. वही पाठव. प्रमाणपत्राचं बघतो. बघतो म्हणजे बघतो.

कापगते

ता. क. दुसऱ्या तुकडीला राधाबाईंनाच बोलावलं आहे. सत्कार ठेवला आहे. शाल, श्रीफळ. बाई विणकर कोष्ट्यांच्या घरातल्या, त्यांना शाल काय द्यायची हा प्रश्न नत्थूनं काढला.


५ सप्टेंबर २०१९

रेणू,

आज शिक्षक दिन. सकाळी इंटर्न मुलांनी मला गुलाब दिला. तो पाण्याच्या ग्लासात ठेवला आहे आणि बघवत नाही.

परवाचं लिहितो. क्रमानं लिहितो, नाहीतर मी काहीतरी गाळेन.

राधाबाई बाराला आल्या. नवरा लक्ष्मणराव मागं, पिशवी घेऊन. त्यांचा माग घरात आहे, टसरची लुगडी विणतात, हे तुला माहीत आहेच. मी कार्यक्रम असा ठरवला होता: आधी मुलं पुतळ्यावर श्वास देऊन दाखवतील, मग मी केसबद्दल बोलेन, मग शाल. बाई पहिल्या रांगेत बसल्या. एक मुलगी उठली आणि फुगा दाबू लागली. नेहमीसारखं. पस्तीस.

राधाबाई उठल्या.

"काय करून राहिली वो पोरी?"

"श्वास देऊन राहिली, काकू."

"येवढ्या घाईनं? मले असा देल्ला असता तं मी फुटून गेली असती."

वर्ग हसला. मीही हसलो. मला वाटलं, बरं आहे, वातावरण मोकळं होतंय.

"माग चालवून राहिली का तू? यायनंही पयले असंच केलं. खटाखट, खटाखट. पोट टम्म झालं माहं. मंग ते डॉक्टरीण म्हणे, मामा, हा माग नाही होय. माह्यासंगं गिना." आणि त्यांनी पुतळ्याच्या छातीवर हात ठेवला. "एक. दोन. तीन. चार. दाब. एक. दोन. तीन. चार. दाब."

मी घड्याळाकडे पाहिलं. मिनिटाला बारा. दुसऱ्या मिनिटालाही बारा. राधाबाई घड्याळाकडे पाहत नव्हत्या.

म्हणजे हे होतं. महिनाभर ज्याच्यासाठी मी तुझ्या वहीमागं लागलो होतो ते हे. तू नुसती मोठ्यानं मोजत होतीस.

आंबागडचा एक मुलगा आहे, आयुर्वेदाच्या शेवटच्या वर्षाला. त्यानं विचारलं, "काकू, तुमाले आयकू येत होतं?"

"सप्पा आयकू येत होतं."

"सप्पा? सगळंच?"

"मंग? कान थोडी बंद झाले होते. डॉक्टरीणीनं पापण्यायवर ओला कापूस ठेवला होता, म्हणून दिसत नव्हतं. एक डाव कोणीतरी कापूस काढला अन् उजेड मारला, तवा दिसलं. साहेबाचं तोंड दिसलं." त्यांनी माझ्याकडे हात केला. त्यात राग नव्हता. एखाद्या घरचा पत्ता सांगावा तसा हात केला. "साहेब म्हणे, गेली. बंद करा. मी कागद बनवून टाकतो, दोन दहा. मंग म्हणे, नत्थू, चहा सांग."

तीस माणसं माझ्याकडे बघत नव्हती. ते जास्त वाईट.

लक्ष्मणराव म्हणाले, "राहू दे ना आता."

"काहून राहू दे? तुमचं सांगू काय? यायनं भावाले सांगतलं, घरी जा, मागावरचं हिरवं लुगडं काप अन् घेऊन ये, तिले तेच नेसवू. चार हात बाकी होतं जी त्याचं! गिऱ्हाइकाचं होतं! मी आत बोंबलून राहिली, कापू नका, कापू नका. आवाज निघन तं ना."

वर्ग इतका हसला की खालच्या वॉर्डातून कुणीतरी वर आलं.

"नाही कापलं," लक्ष्मणराव म्हणाले. "नाला चढला होता. भाऊ घरी जाऊच नाही शकला."

"नाला होता म्हणून. नाहीतं कापलंच होतं."

हसू थांबल्यावर त्या आंबागडच्या मुलानंच पुन्हा विचारलं. हा मुलगा एक दिवस चांगला डॉक्टर होईल आणि त्याला मेमो मिळतील. "मंग फुगा बंद नाही केला काकू?"

"बंद कसा करन? यायचा हात थांबला होता. साहेबानं म्हटलं तं थांबला. मी गिनून राहिली, एक, दोन, तीन, चार, अन् दाब आलाच नाही. पाच, सहा, सात, आठ. छाती जळून राहिली. बारापावतर गिनलं मी. मंग ते पोरगी म्हणे, सर, तुमी बाहेर जा, गिनती मोडून राहिली. अन् तिनं दाबलं."

बारा.

तू ते बारा मोजले नसशील. तू फुगा घेण्यात गुंतली होतीस. मीही मोजले नव्हते. त्यांनी मोजले.

'सर, तुम्ही बाहेर जा, गिनती मोडून राहिली.' हे तुझं वाक्य. मी ते इतके दिवस दुसऱ्याच शब्दांत आठवत होतो. तू 'सर' म्हटलं होतंस. 'तुम्ही' म्हटलं होतंस. मेमोत मी 'उर्मट भाषा' लिहिलं आहे.

मग मी शाल उचलली. दुसरं काय करणार. राधाबाई म्हणाल्या, "ते पोरगी कुठं हाय? तिले काहून नाही बोलावलं?"

"ती नागपूरले शिकायले जाऊन राहिली," मी म्हटलं.

"जाऊन राहिली का गेली?"

मी म्हटलं, जाईल. त्यांनी शाल घेतली नाही. "तिले द्या. आमच्या घरी कापडाले तोटा हाय का?" नारळ घेतला.

जेवणानंतर त्या घरी गेल्या नाहीत. पुतळ्याशेजारी स्टूल घेऊन बसल्या. एकेकाला समोर घेतलं. घाई केली की मनगटावर चापट. डॉक्टर असो, नर्स असो. पाच वाजता मी घड्याळ लावलं. तीसपैकी तीस जणांचे बारा. माझ्या दोन दिवसांच्या स्लाइडना जे जमलं नाही ते चौथी शिकलेल्या बाईनं एका दुपारी केलं, आणि जाताना मला म्हणाली, "साहेब, तुमीबी एक डाव करून पाहा."

केलं. पहिल्यांदा माझे अठरा आले. मनगटावर चापट बसली.

कापगते


११ सप्टेंबर २०१९

रेणू,

तुझं उत्तर आलं नाही. बरोबर आहे. मागच्या पत्रात प्रमाणपत्राचा शब्द नव्हता. सोळा तारखेला पाच दिवस उरले आहेत, हे मला दिसतं.

मेमो मागं घ्यायला चार दिवस गेले. हेडक्लार्क परसराम म्हणतो, तशी पद्धत नाही.

"दिलेला मेमो कोणी मांगं घेतला नाही साहेब इथं."

"मी घेतो."

"कारण लागते."

"लिही. मेमो देणाऱ्याची चूक."

"असं कारण नसते जी."

"काहून?"

"देणारा चुकत नाही ना. 'प्रशासकीय कारणास्तव' लिहू का? छान वाटते."

"नको."

"साहेब, रिटायरमेंटले चार वर्षं राहिले तुमचे."

"तू लिहितो का मी लिहू?"

मी लिहिलं. हातानं, कारण तो टाइप करेना. त्याचंही चूक नाही. त्याला वाटतं मला बरं नाही.

आता एक गोष्ट, जी मी या चारही पत्रांत लिहिली नाही. मी म्हटलं होतं, त्या वेळी इतर कामात होतो. काम हे होतं: मी केबिनमध्ये जाऊन चहा घेतला आणि मृत्यूचा दाखला भरला. राधाबाई लक्ष्मणराव, वय चव्वेचाळीस, वेळ दुपारी दोन वाजून दहा मिनिटं, कारण सर्पदंश. सही, शिक्का. मग तुझा मेमो लिहिला. एका बैठकीत दोन्ही. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला त्यांचं बोट हललं म्हणून सिस्टर पळत आली तेव्हा मी दाखला टेबलाच्या खणात टाकला. फाडला नाही. का फाडला नाही, ते विचारू नकोस. वर्षभर तो खण मी किल्लीनं बंद करतो आहे.

तो दाखला तुला पाठवत नाही. पुढच्या तुकडीपासून तीच पहिली स्लाइड आहे. बर्फातली मोटार काढली. चमूची स्लाइडही काढली. तिथं आता पाच नावं आहेत आणि तुझं सहावं. माझं नाही. राधाबाईंना विचारून घेतलं, कारण कागद त्यांच्या नावाचा आहे. म्हणाल्या, "दाखवा ना. मी कुठं मेली हाय." आणि दर तुकडीला त्या येणार आहेत. जिल्ह्याकडे 'प्रशिक्षक' म्हणून त्यांचं नाव पाठवलं. उत्तर आलं, शैक्षणिक अर्हता कळवा. मी कळवलं, तेवीस तास. अजून पुढचं उत्तर नाही. येईल, आणि मला पुन्हा ताप होईल.

पोस्टावर माझा भरवसा नाही म्हणून नत्थूला बसनं पाठवतो आहे. पाकिटात अनुभव प्रमाणपत्र आहे. 'वर्तणूक' रकान्यात 'समाधानकारक' लिहिलं होतं. ते खोडून 'गिनती मोडू दिली नाही' असं लिहिलं आहे. खाडाखोडीवर सही केली आहे, कॉलेज अडवणार नाही. अडवलं तर मला फोन करायला सांग, मी उचलतो. सोबत मेमो रद्द केल्याचा कागद, कारणासह. आणि शाल. शाल तुझी.

नत्थूच्या कागदावर सही दे. सही घेतल्याशिवाय तो पाकीट सोडणार नाही. त्याला चहा पाज. त्या दिवशी त्यानं माझा चहा सांगितला आणि परत येऊन तुझ्या पाळीला उभा राहिला, हे मला परवा वर्गात कळलं.

वही पाठवू नकोस. राधाबाईंना सगळं पाठ आहे.

भोजराज कापगते